पस्तीस दिवसांची रजा मागा

भट्टीतून मूस बाहेर काढताना हात स्थिर लागतो. सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं. सांडशीत धरलेली लालभडक मूस दोन पावलं नेऊन साच्यात ओतेपर्यंत श्वाससुद्धा बेतानं घ्यावा लागतो. बंगळुरूच्या शिवाजीनगरात, कमर्शियल स्ट्रीटला लागून असलेल्या सराफी गल्ल्यांमध्ये, हे गलाईचं काम मी बरीच वर्षं करत आलोय. त्यातली चार वर्षं अशी गेली, की सकाळी दुकानाचं शटर वर करण्याआधी मला क्वार्टर लागायची. ती पोटात गेली की हात थांबायचा. न पिणाऱ्यांना वाटतं, दारू प्यायल्यानं हात थरथरतो. रोज पिणाऱ्याचा हात दारू उतरल्यावर थरथरतो, आणि तो थांबवायला माणूस पुन्हा पितो.

मला सोडून नऊ वर्षं झाली. हे लिहितोय ते अशा माणसासाठी, जो रोज पितो आणि ज्याची नोकरी, दुकान, टॅक्सी किंवा कॉम्प्युटरवरचं काम अजून चालू आहे. त्याच्या मालकासाठी आणि घरच्यांसाठीही. ज्याचं सगळं गेलं, त्याला चार माणसं उचलून दवाखान्यात नेतात. ज्याचा पगार घरी येतोय, त्याला कुणी काही म्हणत नाही. मी स्वतःलाही हेच सांगायचो, की वर्षात माझा एक खाडा नाही, मग मी व्यसनी कसा? माझी हजेरीच माझी साक्षीदार होती, आणि ती खोटी साक्ष देत होती.

केंद्र सरकारनं दिल्लीच्या एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली होती. तिचा अहवाल २०१९ साली आला. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांपैकी जेमतेम एकानं कसलातरी उपचार घेतलेला होता. दवाखान्यात राहून उपचार घेतलेला माणूस १८० मध्ये एक. उरलेले कुठे असतील, याचा मी पुष्कळदा विचार करतो. बरेचसे आज सकाळी कामावर गेले असणार.

त्यांना माझं एकच सांगणं आहे. काम टिकवण्यासाठी उपचार पुढे ढकलू नका. रजा मागा, उपचार घ्या, आणि परत आल्यावर काम उपचाराभोवती बसवा. मी आधी उलट करून बघितलं, जीव जायची वेळ आली.

झालं असं. गावाकडे जत्रा आहे म्हणून मी चार दिवसांची सुटी घेतली आणि दुकानाच्या माळ्यावर एकटा राहिलो. बाटली नाही, कुणाला सांगितलं नाही, मनाचा निर्धार तेवढा होता. पहिल्या दिवशी घाम आणि मळमळ. दुसऱ्या रात्री झोप नाही. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या चालताना दिसायला लागल्या, त्या नव्हत्याच. पहाटे फिट आली. शेजारच्या दुकानातल्या पोरानं धडपडल्याचा आवाज ऐकला, म्हणून मी आज लिहितोय. नंतर डॉक्टरांनी समजावलं. बरीच वर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, माणूस दगावूही शकतो. त्यावर औषधं आहेत, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आहेत, त्रास बेताचा होतो. तेव्हा सकाळी उठल्यावर ज्याला लागते, त्यानं घरात कोंडून घेऊन सोडायचा पराक्रम करू नये. आधी डॉक्टर. हे वाक्य तेवढं पक्कं लक्षात ठेवा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

त्यानंतर खरी रजा मागायला गेलो. दुकान चुलत्यांचं. आमच्या धंद्यात बहुतेकांचं असंच असतं. खानापूर, आटपाडी, तासगावकडची दुष्काळी गावं, पोरगं मिसरूड फुटायच्या आत कुणा नातेवाइकाबरोबर बंगळुरू, मदुराई, कोलकाता अशा कुठल्या तरी गावी जातं, माळ्यावर झोपतं, काम शिकतं. रजेचा अर्ज, एचआर, वैद्यकीय रजा हे शब्द तिथे कुणाच्या कानावर पडत नाहीत. जे बोलायचं ते गादीसमोर उभं राहून.

"तात्या, महिनाभर सुटी पाहिजे."

"दिवाळी तोंडावर आलीय आणि महिनाभर?"

"पितोय मी. सकाळीपण. हात थांबत नाही त्याशिवाय."

तात्यांनी काट्यावरचं वजन उतरवलं, काटा बंद केला. "वास येतो मला दोन वर्षं," ते म्हणाले. "बोललो तर तू दुसरं दुकान धरशील. तुझ्यासारखा टंच काढणारा मला मिळायचा नाही. म्हणून गप्प बसलो."

त्यांनी हे कबूल केलं, याबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. पण मालक मंडळींनो, हे तुमच्याबद्दल आहे, नीट वाचा. कामाचा माणूस हातचा जाईल म्हणून तुम्ही डोळेझाक करता, आणि तो जाईपर्यंत करता. त्याऐवजी एका शांत दिवशी, चारचौघांत नाही, आत बोलावून सांगा, की मला दिसतंय, उपचाराला जा, जागा राखून ठेवतो, पण प्यायलेल्या माणसाला भट्टीसमोर उभा करणार नाही. दोन्ही वाक्यं एकत्र सांगा. नुसती दया दाखवलीत तर तो वापरून घेईल, मी घेतली होती. नुसती धमकी दिलीत तर लपवायला शिकेल.

महिना, पस्तीस दिवस कशाला, असं मलाही वाटलं होतं. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पस्तीस दिवस राहावं लागतं. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली ते सुरू केलं. गर्दच्या व्यसनावरचे अवचटांचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला उभे राहिले, ही गोष्ट मराठी घरांत बहुतेकांना ठाऊक आहे. तिथे उपचार घेणाऱ्याला रुग्णमित्र म्हणतात, आणि सांभाळणाऱ्यांत अनेक जण स्वतः त्यातून बाहेर पडलेले असतात. मी दुसऱ्या केंद्रात राहिलो, पण मुदत तशीच लांब होती. दारू बंद केल्याचा अंगाचा त्रास साधारण आठवड्याभरात उतरतो. उरलेले दिवस डोकं ताळ्यावर यायला लागतात. पहिले दोन आठवडे मला समोरचा माणूस काय बोलतोय ते धड कळत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा वाटलं, की अरे, मी चार वर्षं बायकोशी नीट बोललेलोच नाही. दहा दिवसांत परत आलो असतो तर हे वाटायच्या आतच भट्टीसमोर उभा राहिलो असतो. प्रत्येकाला भरती व्हावंच लागतं असंही नाही. काहींना घरी राहून, ओपीडीत जाऊन, गोळ्या आणि समुपदेशनावर जमतं. ते डॉक्टर तपासून ठरवतील, आपण आपलं ठरवायचं नाही.

कंपनीत काम करणारी मुलं विचारतात, सांगायचं कुणाला आणि किती? बंगळुरूत आपली मराठी मुलं हजारोंनी आहेत, त्यातल्या कितीजणांचं पिणं पार्टीपासून सुरू होऊन खोलीतल्या कपाटापर्यंत आलंय ते त्यांनाच माहीत. माझं मत असं, की सगळ्या टीमला सांगायची गरज नाही. वैद्यकीय रजा घ्या, डॉक्टरांचं सर्टिफिकेट द्या, विचारलं तर तब्येतीचा उपचार चालू आहे म्हणा. ते खरंच आहे. मात्र ऑफिसमधल्या एका माणसाला सगळं सांगा, असा माणूस जो संध्याकाळी तुम्हाला बारच्या दारातून ओढून आणेल. कायदाही तुमच्या बाजूनं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं दारू आणि मादक पदार्थांमुळे होणारा मानसिक त्रास आजारात धरलाय. उपचाराची माहिती गुप्त ठेवणं हा रुग्णाचा हक्क आहे. विमा कंपनीनं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं, असंही त्यात म्हटलंय. आपल्या पॉलिसीत नेमकं काय बसतं ते मात्र रजेच्या आधी विचारून घ्या, नंतर धावपळ होते.

आता परत आल्यानंतरचं. खरी कसोटी इथे आहे, आणि याबद्दल केंद्रातून निघताना माणूस फार कमी ऐकतो, कारण त्याला घाई झालेली असते.

शिवाजीनगरात संध्याकाळी सात वाजता काय होतं ते सांगतो. रसेल मार्केटसमोर गाड्यांवरचे दिवे लागतात, कबाबांचा धूर गल्लीत शिरतो, मशिदीतून अजान झालेली असते, सेंट मेरीच्या बॅसिलिकाची घंटा वाजून गेलेली असते. दुकानं आवरायला लागतात. दिवसभर भट्टीजवळ उभं राहून घसा कोरडा, अंग शिणलेलं, खिशात पैसे आणि घरी जायची घाई नाही. दिवसातले बाकीचे तेवीस तास मी सांभाळले. हा एक तास मला सांभाळता येत नव्हता. दुकानातून बस स्टँडला जायला माझा रोजचा रस्ता एमआरपीच्या दारूच्या दुकानावरून होता. परत आल्यावर तो रस्ता मी बंद केला. मार्केटच्या दुसऱ्या अंगानं, फुलवाल्यांच्या बाजूनं जायला लागलो. सहा-सात मिनिटं जास्त चालावं लागायचं. वर्षभर तसाच गेलो. साडेसहालाच पाव-भाजी, इडली, मिळेल ते पोटभर खायचो, कारण रिकाम्या पोटी ओढ जास्त लागते. आणि सात वाजता एका माणसाला फोन. बोलायला काही नसायचं. "निघालो," एवढंच. तो म्हणायचा, "बरं." एवढ्यावर माझे पहिले सहा महिने निघाले.

तुमचा सात वाजताचा तास वेगळा असेल. कुणाचा शुक्रवारी दुपारचा, कुणाचा रात्रपाळी सुटल्यावर पहाटेचा, कुणाचा लांबच्या ट्रिपवर ढाब्यावरचा. तो शोधा आणि त्या तासात कुठे असायचं, काय खायचं, कुणाशी बोलायचं, ते सकाळीच ठरवून ठेवा. त्या तासात शिरल्यावर ठरवायला बसलात तर ओढ तुमच्या वतीनं ठरवून टाकेल.

कामानिमित्त बाहेरगावी जाणाऱ्यांनी एक जुनी हकिगत ऐकून ठेवावी. ती मला दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगमध्ये कळली. १९३५ साली बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल धंद्याच्या कामाला अमेरिकेतल्याच अ‍ॅक्रन गावी गेला होता. पिणं सोडून त्याला पाचेक महिने झाले होते. काम फिसकटलं. हॉटेलच्या लॉबीत तो एकटा उभा, एका बाजूला बारमधला गलका ऐकू येतोय, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. तो फोनकडे गेला आणि चर्चच्या यादीतले नंबर फिरवत सुटला, की मला एका दारुड्याशी बोलायचंय. त्यातून त्याला डॉ. बॉब स्मिथ भेटला, गावातला सर्जन, स्वतः पिणारा. दोघांचं जमलं. पुढे डॉ. बॉब डॉक्टरांच्या परिषदेला बाहेरगावी गेला आणि तिथे पुन्हा प्यायला. परत आल्यावर त्याला एक ऑपरेशन करायचं होतं. १० जून १९३५ च्या सकाळी बिलनं त्याचा हात थांबावा म्हणून त्याला एक बियर दिली. तो त्याचा शेवटचा घोट. (आज कुणी हे करायला जाऊ नये. हात थांबवायची औषधं आता डॉक्टरांकडे आहेत.) ऑपरेशन झालं, पण बॉब कितीतरी तास घरी फिरकला नाही. ज्यांचं देणं होतं, ज्यांना दुखावलं होतं, त्यांच्या दारी जात होता. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संस्था आपला जन्मदिवस तोच धरते.

भट्टीवर थरथरणारा हात घेऊन उभा राहिलेल्या मला सर्जनची ती सकाळ कुणी समजावून सांगावी लागली नाही. मला त्यात दोन गोष्टी दिसतात. दोघांचीही परीक्षा कामाच्या प्रवासात झाली. एकानं फोन केला, एकानं केला नाही. म्हणून पहिलं वर्षभर शक्य असेल तर मुक्कामाचा प्रवास टाळा, आणि टळत नसेल तर त्या गावातल्या मीटिंगचा पत्ता तिकिटाबरोबर काढून ठेवा. भारतात या मीटिंगा १९५७ पासून चालतात, पैसे पडत नाहीत, नाव-गाव कुणी विचारत नाही. मी बसलो तिथे तमिळ, कानडी, दखनी, इंग्रजी सगळं चालायचं. मी माझ्या सांगलीकडच्या हिंदीत बोललो. समोरचा रिक्षावाला मान हलवत होता, म्हणजे त्याला पोचत होतं.

आणखी एक सापळा आहे, तो चांगुलपणाचा वेष घेऊन येतो. परत आलेल्या माणसाला गेलेली सगळी वर्षं एका महिन्यात भरून काढायची असतात. मीही सकाळी आठला दुकान उघडायचो, रात्री दहापर्यंत बसायचो, रविवारीही. तात्या खूश, बायको खूश, मी स्वतःवर खूश. मीटिंग दोनदा चुकली, फोन राहून गेले, झोप पाच तासांवर आली. तिसऱ्या महिन्यात एका रात्री पाय आपोआप जुन्या रस्त्याला लागले आणि मी प्यायलो. ओव्हरटाइम मी कर्ज फेडायला करत होतो, त्यात वाईट काही नव्हतं, पण ज्याच्या जोरावर उभा होतो तेच आधी कापलं होतं. तेव्हापासून नियम केला, की मीटिंग आणि डॉक्टरांची तारीख आधी वहीत लिहायची, मग काम. बढती, नवी जबाबदारी, नवा धंदा हेही वर्षभर थांबू द्या. थांबलेली बढती नंतर मिळते.

घसरल्यावर काय केलं तेही सांगतो, कारण तिथेच बरीच माणसं हरवतात. मला वाटलं, संपलं, पस्तीस दिवस वाया गेले, आता कोणत्या तोंडानं सांगू. पण रोज संध्याकाळी सातला ज्याला फोन करायचो, त्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळीच सांगितलं. तो म्हणाला, "किती वाजल्यापासून नाही घेतली?" मी म्हटलं, रात्री अकरापासून. "मग अकरापासून मोज. डॉक्टरकडे कधी जातोस?" त्यानं एवढंच विचारलं. तात्यांना मीच सांगितलं आणि पंधरा दिवस भट्टीऐवजी हिशेबाला बसलो. तेजाबाच्या बरणीपासून आणि आगीपासून तेव्हा लांब असणंच बरं होतं. ड्रायव्हर असेल, क्रेन चालवणारा असेल, त्याच्या मालकानंही त्याला काही दिवस दुसरं काम द्यावं, घरी बसवू नये. रिकामा माणूस घरी बसला तर सात वाजेपर्यंत थांबतही नाही.

पगाराचा दिवस फार कठीण. आमच्याकडे रोख मिळायचा. मी तात्यांना सांगितलं, पैसे माझ्या हातात देऊ नका, बायकोच्या खात्यात टाका, मला रोजचे दीडशे द्या. लाज वाटली. वर्षानं मीच म्हटलं, आता माझ्या खात्यात टाका. घरच्यांनी यात एवढं सांभाळावं, की पैसे ठेवायला घेतले म्हणजे माणूस गहाण घेतला असं होऊ देऊ नये. रोज संध्याकाळी तोंडाचा वास घेत बसू नये. आणि माझ्या बायकोनं चार वर्षं जे केलं, मला उशीर झाला की दुकानात फोन करून "त्यांना ताप आहे" असं खोटं सांगितलं, ते कुठल्याही बहिणीनं करू नये. तिनं प्रेमापोटी केलं, आणि माझं पिणं त्यावर चार वर्षं जगलं. तिलाही मदत लागते. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल्-अ‍ॅनॉनच्या मीटिंगा असतात. बायको तिथे गेल्यापासून आमच्या घरात मोठ्यानं हसणं परत ऐकू यायला लागलं.

लग्न, पूजा, ऑफिसची पार्टी, ग्राहकानं पुढे केलेला ग्लास, यासाठी एकच वाक्य पाठ करा: "मी घेत नाही." त्याला कारण जोडू नका. अ‍ॅसिडिटी सांगितलीत तर समोरचा अ‍ॅसिडिटीवरचा उपाय सांगेल. आणि ज्यांच्या हातात पार्टी देणं असतं त्यांना विनंती, की दिवाळीला कामगाराला बाटली देऊ नका. कोण कशातून बाहेर यायला धडपडतोय, ते तुम्हाला माहीत नसतं.

आता उद्याचं बोलू. शिवाजीनगरात किंवा बंगळुरूत कुठेही असाल तर होसूर रोडवरचं निम्हान्स रुग्णालय गाठा. तिथे व्यसनाच्या उपचाराचा स्वतंत्र विभाग आहे. ओपीडीसाठी सकाळी लवकर जा, बरोबर एक माणूस न्या, आणि किती पिता ते डॉक्टरांना खरं सांगा. अर्धं सांगितलंत तर औषधही अर्ध्याचंच मिळेल. फोनवर बोलायचं असेल तर १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, आणि मन फारच खचलं असेल तर टेलिमानसचा १४४१६. दोन्हीला पैसे पडत नाहीत.

आणि रजेचं आजच बोला. मालक समोर असतील तर समोर, नसतील तर फोनवर. मी तात्यांसमोर उभा राहिलो तेव्हा घरून जुळवून आणलेली वाक्यं सगळी विसरलो होतो. "महिनाभर सुटी पाहिजे" एवढंच तोंडातून आलं, तेवढं पुरलं. परवा आमच्या गल्लीतलं एक पोरगं, बावीस-तेवीसचं, संध्याकाळी माझ्या दुकानाच्या पायरीशी येऊन नुसतं उभं राहिलं. हात खिशात घातलेले. मी भट्टी बंद केली आणि त्याला म्हटलं, चल, चहा घेऊ, फुलवाल्यांच्या बाजूनं जाऊ.